यंत्राची मर्यादा, खेळाचा नियम

भीमा नदी जिथे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते, तिथे शिरूरच्या बाजूला वडगाव रासाई हे गाव आहे. व्हिडिओ गेमच्या जागतिक इतिहासात या गावाचे नाव येण्याचे काही कारण नाही. आमच्या प्रश्नाला मात्र असेच गाव हवे आहे. नाणे टाकून चालणारी खेळयंत्रे, ज्यांना 'आर्केड' म्हटले जाते, ती १९७० च्या दशकात अमेरिका आणि जपानमध्ये पसरली. पुढे आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. कपाटाएवढी ती यंत्रे शहरातच राहिली, आणि तिथूनच एक दिवस भंगारात गेली. आज वडगाव रासाईसारख्या गावातला आठवीचा मुलगा मोबाइलवर ब्राउझर उघडतो, 'पॅक-मॅन' असे लिहितो आणि दोन मिनिटांत खेळू लागतो. शहरातल्या पन्नाशीच्या माणसाला या खेळात आपले बालपण दिसते. या मुलाला असली आठवण नाही. त्याच्या लेखी हा अगदी नवा खेळ आहे. प्रश्न असा की, तो खेळतो आहे तो १९८० सालचाच खेळ आहे का?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वाघ-बकरीचा खेळ घ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशीवर अशा खेळांचे पट कोरलेले आढळतात. तोच पट ओट्यावर कोळशाने काढला, सोंगट्यांऐवजी चिंचोके आणि खडे घेतले, तरी खेळ तोच राहतो. कारण वाघ-बकरीचा सगळा जीव नियमांत आहे. पटाचा दगड काळा की तांबडा याच्याशी नियमांना देणेघेणे नाही. मग पडद्यावरच्या खेळालाही हेच लागू पडावे. नियम उतरवून घ्यावेत, नव्या संगणकावर लिहून काढावेत, झाले काम. पण ज्यांनी ज्यांनी हे करून पाहिले त्यांच्या लक्षात आले की या जुन्या खेळांत नियम कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते तेच नीट सांगता येत नाही.

यंत्रांची वंशावळ थोडक्यात पाहू. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' लिहिला. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि नाण्यांचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. अ‍ॅलन अल्कॉर्नने बनवलेल्या या 'पाँग'मध्ये प्रोसेसर नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅमही नव्हता! चेंडू कुठे आहे, तो फळीला लागला का, गुण किती झाले, हे सर्व तर्कद्वारांच्या जोडणीतूनच ठरे. म्हणजे खेळाचा नियम तांब्याच्या तारांत 'लिहिलेला' होता. वर्गात अँड-ऑर-नॉट ही द्वारे शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. मायक्रोप्रोसेसर या यंत्रांत आला तो १९७५ च्या 'गन फाइट'पासून. त्यानंतर खेळ म्हणजे प्रोग्रॅम असे समीकरण रूढ झाले.

पंचावन्न शत्रू, एक प्रोसेसर

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' बाजारात आणला. तोमोहिरो निशिकादो हा त्याचा कर्ता. पडद्यावर परग्रहावरच्या शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, एकूण ५५. ही फौज एका बाजूकडून दुसरीकडे सरकते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने चालू लागते. खाली आपली एक तोफ. सगळे शत्रू टिपले तर जिंकलो, एक जरी खाली पोचला तरी हरलो.

यातला इंटेल ८०८० हा प्रोसेसर २ मेगाहर्ट्‌झने चालणारा, म्हणजे आजच्या स्वस्तातल्या मोबाइलपुढेही अगदीच गरीब. पडद्यावर २२४ गुणिले २५६ ठिपके. प्रत्येक ठिपका पेटलेला किंवा विझलेला, म्हणजे एक बिट. गुणाकार करून आठाने भागले की ७१६८ बाइट येतात, आणि एवढी स्मृती निव्वळ चित्रासाठी खर्च होई. पडदा कृष्णधवल होता. रंग दिसावेत म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या होत्या. (पडद्यावरचा शत्रू रंगीत नसून त्याची जागा रंगीत, ही युक्ती आम्हांला फार आवडते.)

पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटे. एवढ्या वेळात सगळ्या ५५ शत्रूंना हलवणे त्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून दर चित्रामागे एकच शत्रू हलवायचा, पुढच्या चित्रात त्याच्या शेजारचा, असा क्रम ठेवला. फौजेतल्या प्रत्येकाचे एक पाऊल पडायला ५५ चित्रे, म्हणजे जवळजवळ ०.९२ सेकंद लागे. आता शत्रू मरू लागले. राहिले ३०, तर एका फेरीला अर्धा सेकंद. राहिले १०, तर सेकंदाचा सहावा भाग. शेवटचा एकच उरला की दर चित्रात त्याचाच नंबर, आणि तो पडद्यावरून सेकंदाला ६० पावले टाकत सुसाट धावतो.

म्हणजे शत्रू कमी होतील तसे ते वेगवान होतात. खेळाचा सगळा थरार यातच आहे. सोबतचा चार सुरांचा ठेकाही जलद होत जातो आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधडू लागते. पण 'शत्रू मेले की वेग वाढव' असा नियम निशिकादोने आधी कल्पिलेला नव्हता. प्रोसेसरवरचा भार हलका झाला की खेळ पळू लागतो, हे त्याला काम करताना दिसले, ते आवडले आणि त्याने तसेच राहू दिले. यंत्राची दुबळी बाजू हाच खेळाचा नियम झाला.

हा भाग शिकवायला संगणकाची गरज नाही. मैदानावर वीस मुले चार रांगांत उभी करा. शिक्षकांनी दर सेकंदाला एक टाळी वाजवायची; प्रत्येक टाळीला एकाच मुलाने एक पाऊल टाकायचे, मग त्याच्या शेजारच्याने. सगळ्यांचे एकेक पाऊल पडायला २० सेकंद लागतील. मग एकेका मुलाला खाली बसवत चला. दहा उरले की १० सेकंद, पाच उरले की ५. टाळीचा वेग कुठेही बदललेला नाही, तरी उरलेली मुले वेगाने चालू लागली! उभ्या मुलांची संख्या आडव्या अक्षावर आणि एका मुलाची मिनिटातली पावले उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला की व्यस्त प्रमाणाचा वक्र मिळतो. संख्या २० वरून १९ झाली तर वेगात फरक जाणवत नाही. २ वरून १ झाली की तो एकदम दुप्पट होतो. आठवी-नववीच्या मुलांना व्यस्त चलन याहून झणझणीतपणे दाखवता येईल असे उदाहरण आमच्या माहितीत नाही.

आता हाच खेळ आजच्या ब्राउझरसाठी लिहायला बसलो तर? आजच्या प्रोसेसरला ५५ काय, ५५,००० शत्रूही जड नाहीत. नियम वाचून कोणी सरळपणे लिहिले तर सगळी फौज एकाच संथ गतीने शेवटपर्यंत डुलत राहील. आम्ही ब्राउझरमधल्या काही नकला उघडून पाहिल्या. एकीत नेमके हेच झाले होते. चित्रे हुबेहूब, आवाज तोच, पण खेळ दोन मिनिटांत कंटाळवाणा. चांगल्या नकलांत लेखकाने मुद्दाम त्या जुन्या प्रोसेसरची अडचण नव्याने रचलेली असते. वेगवान यंत्राला मंद असल्याचे सोंग घ्यायला लावावे लागते.

दोनशे छप्पन्नावा मजला

'पॅक-मॅन' हा जपानच्याच नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांचा १९८० सालचा खेळ. चक्रव्यूहात २४४ ठिपके, ते खात फिरणारा पिवळा गोळा आणि त्याच्या मागावर चार भुते. ही भुते वेगवेगळ्या 'स्वभावाची' वाटतात, आणि हे स्वभाव शुद्ध भूमितीतून आलेले आहेत. तांबडे भूत सरळ पॅक-मॅनच्या घराकडे धाव घेते. गुलाबी भूत त्याच्या चार घरे पुढची जागा धरते, म्हणजे वाट अडवायला बघते. नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेपर्यंत पाठलाग करते. त्याहून जवळ आले की भ्यायल्यासारखे आपल्या कोपऱ्याकडे वळते. निळ्याचा हिशोब सर्वांत मजेदार आहे. पॅक-मॅनच्या दोन घरे पुढचा बिंदू घ्यायचा, तांबड्या भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची. तांबडे भूत (६, १७) वर आणि तो बिंदू (१०, २०) वर असेल, तर निळ्याचे लक्ष्य (१४, २३). दहावीतला मध्यबिंदूचा नियम उलटा वापरला, एवढेच. कोणाच्याही मनात नसलेला 'कट' चार सोप्या नियमांतून कसा उभा राहतो हे पाहण्यासारखे आहे.

या हिशोबात एक चूक राहून गेली. पॅक-मॅनचे तोंड वरच्या दिशेला असेल तेव्हा गुलाबी भुताचे लक्ष्य चार घरे वर न पडता चार वर आणि शिवाय चार डावीकडे पडते. सराईत खेळाडूंनी हे हेरले आणि भुताला चकवायला वापरले. ज्या चुकीवर खेळाडूंच्या चाली बसल्या, ती आता चूक म्हणायची की नियम?

दुसरी चूक अधिक प्रसिद्ध आहे. खेळाचा कितवा टप्पा चालू आहे हे लक्षात ठेवायला एकच बाइट, म्हणजे आठ बिट. आठ बिटांत ० ते २५५ अशा २५६ संख्या मावतात. मोजणी शून्यापासून असल्याने २५६ व्या टप्प्याला त्या बाइटमध्ये २५५ असतात. पडद्याच्या तळाशी टप्प्यानुसार फळे काढणारा भाग त्यात एक मिळवतो. २५५ अधिक १ म्हणजे आठ बिटांत शून्य. जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० वर येतो तसेच. मग 'शून्य फळे' काढायची आज्ञा सुटते. पण ते आवर्तन आधी एक वजा करते आणि मगच शून्य झाले का ते तपासते. शून्यातून एक वजा, पुन्हा २५५! असे करत ते सात फळांच्या जागी २५६ चित्रे काढत सुटते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे-आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. त्या कचऱ्यात पुरेसे ठिपके उरत नाहीत, त्यामुळे टप्पा पूर्ण होत नाही. न संपण्यासाठी लिहिलेला खेळ इथे संपतो.

२१ मे २०१० रोजी या खेळाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर ब्राउझरमध्ये खेळता येणारा पॅक-मॅन ठेवला. चक्रव्यूहात कंपनीच्या नावाची अक्षरे गुंफलेली होती. तो रचताना मार्सिन विखारी या अभियंत्याने भुतांचे स्वभाव तर जपलेच, पण मूळ खेळातल्या चुकाही नव्याने उभ्या केल्या. जिथे एका बाइटची काटकसर करण्याची काहीच गरज नव्हती, तिथेही २५५ नंतरचा तो गोंधळ आणून बसवला. आम्हांला हे योग्यच वाटते. जुन्या ताम्रपटाची नक्कल करणाऱ्याने त्यातल्या लेखनिकाच्या चुका दुरुस्त करायच्या नसतात.

नक्कल आणि सोंग

जुना खेळ ब्राउझरमध्ये आणण्याच्या वाटा दोन. एक वर सांगितलेली, म्हणजे नियम ओळखून नवा प्रोग्रॅम लिहायचा. दुसरी वाट म्हणजे मूळ चिपमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा घ्यायचा आणि जुन्या यंत्राचेच सोंग आणणारा प्रोग्रॅम लिहायचा. याला 'इम्युलेटर' म्हणतात. ८०८० ची प्रत्येक आज्ञा तो वाचतो आणि तिने जे केले असते तेच करतो. इथे चुका आपोआप टिकतात, कारण त्या मूळ प्रोग्रॅममध्येच असतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला 'मेम' हा असा सर्वांत मोठा उपक्रम. तो सी आणि सी++ या भाषांतला. ब्राउझरला मात्र जावास्क्रिप्ट समजते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा तयार केला होता. 'एमस्क्रिप्टेन' या साधनाने सी++ चे रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये करता येऊ लागले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने सुमारे ९०० आर्केड खेळ ब्राउझरमध्ये खुले केले. 'पाँग'चे काय? त्यात प्रोग्रॅमच नाही, तेव्हा सोंग आणायचे तर संपूर्ण विद्युतमंडलाचे आणावे लागते.

सोंग कितीही चांगले असले तरी काही गोष्टी निसटतात. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्‌स'मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर थेट रेघा काढत असे. गोळीचा ठिपका डोळ्यांत भरेल इतका झगझगीत असायचा. मोबाइलच्या ठरावीक चौकोनी ठिपक्यांना ती चमक साधत नाही. शिवाय दांडा फिरवायची सवय बोटाने काच घासून भागत नाही, आणि वर बोटाखाली अर्धा पडदा झाकला जातो.

वेळेचा घोळ तर रोजचाच. ब्राउझरमधला खेळ साधारणपणे पडदा नव्याने रंगवला जाताना एक पाऊल पुढे सरकतो. जुने पडदे बहुधा सेकंदाला ६० वेळा रंगवले जात. आताचे काही मोबाइल १२० वेळा रंगवतात. आम्ही एक साधा खेळ अशा दोन फोनवर शेजारी शेजारी चालवून पाहिला. दुसऱ्यावर तो बरोबर दुप्पट वेगाने धावत होता! उपाय सातवीच्या पुस्तकातला आहे : पावले मोजायची नाहीत, मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजायचे आणि अंतर = वेग × वेळ या सूत्राने वस्तू हलवायची.

गावापर्यंतची वाट

नकला करण्याची प्रथा ब्राउझरच्या आधीची. १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळू लागले. याच संगणकासाठी १९८२ मध्ये 'स्नॅपर' नावाचा खेळ निघाला होता. तो पॅक-मॅनची इतकी सहीसही नक्कल होती की पुढे त्यातली भुते बदलून तो पुन्हा काढावा लागला. खेळाचा नियम कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्याचे रूप असते, हा भेद अमेरिकेतल्या एका न्यायालयाने २०१२ मध्ये 'टेट्रिस'च्या खटल्यात स्पष्ट केला.

वडगाव रासाईसारख्या गावांची वाट मात्र संगणकावरून गेलीच नाही. ती गेली खिशातल्या फोनवरून. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रेमलिन कंपनीने 'ब्लॉकेड' हे आर्केड यंत्र काढले. त्यात मागे भिंत सोडत जाणारी रेघ होती. त्याचा वंशज असलेला साप तानेली आर्मांतो यांनी १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० फोनवर आणला. २००३ मध्ये बॅटरीचा उजेड देणारा, धुळीला न जुमानणारा नोकिया ११०० आला, रात्री शेतावर पाणी धरायला जाणाऱ्यांच्या खिशात गेला, आणि त्यासोबत साप गावोगावी पोचला. म्हणजे ज्या पिढीने आर्केड यंत्र कधी पाहिले नाही, तिनेही आर्केडचा खेळ खेळला होता, फक्त त्याचे मूळ ठाऊक नव्हते. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ब्राउझर आला. क्रोममधला उड्या मारणारा डायनोसॉर तर २०१४ पासून खास संपर्क तुटल्यावर खेळण्यासाठीच ठेवलेला आहे. रेंज जाणाऱ्या गावांत त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

नाण्याचेही एक सांगायला हवे. हे खेळ इतके अवघड का? दर दोन-तीन मिनिटांनी नवे नाणे पडावे म्हणून. अवघडपणा हा धंद्याचा भाग होता. ब्राउझरमध्ये नाणे लागत नाही, पण फुकट खेळांच्या पानांवर खेळाभोवती जाहिरातींची जत्रा असते, आणि मुलाचे बोट चुकून कुठे पडेल याचीच वाट पाहिली जाते. वर्गात दाखवायचा खेळ शिक्षकांनी आधी स्वतः उघडून पाहिलेला बरा.

शिक्षकांचा याहून जवळचा संबंध 'फ्लॅश'शी येतो. १९९६ पासूनची वीसेक वर्षे ब्राउझरमधले बहुतेक खेळ या एका कंपनीच्या साधनावर बेतलेले होते. त्याच काळातल्या कितीतरी शैक्षणिक सीडींमधली चलत्‌चित्रेही फ्लॅशमध्येच होती : हृदयाचे ठोके, ग्रहणे, अणूची रचना. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला मिळणारे साहाय्य बंद केले आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालेनासेच झाले. यंत्र मोडले नाही, फाइल हरवली नाही, तरी खेळ आणि धडे एकाच दिवशी मुके झाले. ज्यांनी आधीच ओळखले ते वाचले. मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे 'स्क्रॅच' २०१९ च्या जानेवारीत फ्लॅश सोडून ब्राउझरच्या खुल्या मानकांवर आले. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची विज्ञान-प्रतिरूपेही, जी मराठीतही मिळतात, जावा आणि फ्लॅशमधून एकेक करून नव्याने लिहिली गेली. तिथेही हाच प्रश्न होता : लंबक किती मागेपुढे झाला तरी चालेल, आणि काय तसेच ठेवले पाहिजे?

शाळेच्या कपाटात अशा जुन्या सीडी असतील तर त्या टाकू नयेत. त्यातल्या ज्या फाइलींच्या नावाशेवटी 'एसडब्ल्यूएफ' अशी अक्षरे आहेत त्या फ्लॅशच्या. 'रफल' नावाचा एक फुकट मिळणारा इम्युलेटर ब्राउझरमध्ये फ्लॅशचे सोंग आणतो आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा चालवून दाखवतो. सीडी वाचणारे यंत्र अजून चालू आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घेणे हे पहिले काम.